सोंगणीच्या दिवसांत काय वाचावे?

वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरातून वाचकांना एकच प्रश्न विचारला होता: आश्विन-कार्तिकात आपण काय वाचता, आणि इतरांनी काय वाचावे असे आपल्याला वाटते? आलेल्या पत्रांत शिफारशी थोड्या आणि अडचणी पुष्कळ निघाल्या, आणि त्यात नवल काही नाही. पुस्तकातल्या शरदात आकाश निरभ्र असते आणि चांदणे पिठासारखे पडते. आमच्या वऱ्हाडातल्या शरदात सोयाबीनची सोंगणी असते, मळणी यंत्र कोणाच्या शेतात अडकले आहे याची चौकशी असते, कापसाचा पहिला वेचा असतो आणि परतीचा पाऊस गंजीवर येतो की काय ही धास्ती असते. म्हणून मी या दिवसांत पुस्तक सुचवण्याआधी तीन गोष्टी विचारून घेतो: हातात सलग वेळ किती आहे, उजेड कसला आहे, आणि पुस्तक मध्येच खाली ठेवून चार दिवसांनी उचलले तर ते वाचकाशी पुन्हा बोलेल की नाही. खालील उत्तरे त्याच हिशेबाने दिली आहेत. माझी आवड-निवड त्यांत आहे, ती मी लपवलेली नाही. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ तालुके दिले आहेत.

*

प्रश्न : आमचे शेत गावापासून तीन किलोमीटरवर नाल्याकाठी आहे. रानडुकरांमुळे आणि रोह्यांमुळे (नीलगायींमुळे) या दिवसांत रोज रात्री जागलीला जावे लागते. मोबाईलवर काही पाहत बसलो की डोळे दुखतात, आणि पहाटेपर्यंत बॅटरीही राहत नाही. दहावीनंतर मी पुस्तक हातात घेतलेले नाही. जागलीत वाचता येईल असे काही आहे का? (एक शेतकरी, ता. दर्यापूर)

उत्तर : आहे, आणि आपली जागा त्या वाचनाला शहरातल्या कोणत्याही वाचनालयापेक्षा चांगली आहे. सुरुवात मारुती चितमपल्ली यांच्या ‘रातवा’ या पुस्तकाने करावी. रातवा हा रात्री हिंडणारा पक्षी. दिवसा जमिनीवर पाचोळ्यात तो बसलेला असला तर पाय पडेपर्यंत दिसत नाही, आणि अंधार पडला की दगडी फरशीवर गोटी टणकत जावी तसा त्याचा आवाज येऊ लागतो. तो आवाज आपण माळ्यावरून शेकडो वेळा ऐकला असेल. आवाज कोणाचा हे मात्र कदाचित कोणी सांगितले नसेल. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, घरची भाषा तेलुगू. पण वनखात्याच्या नोकरीत नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट अशा आपल्याच जंगलांत त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि पक्ष्यांची व झाडांची इथल्या माणसांच्या तोंडी असलेली नावे त्यांनी वेचून मराठीत आणली. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. त्यांचे लेख सुटे सुटे आहेत. एक लेख वाचावा, दिवा मालवावा, शेताला एक फेरी मारावी. परत आल्यावर पुढचा लेख वाट पाहत असतो.

त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ घ्यावे. माडगूळकर माणदेशचे, म्हणजे दुष्काळी मुलखातले, आणि त्यांनी आपल्या पूर्व विदर्भातल्या जंगलात जाऊन, राहून, नुसते पाहिले. या पुस्तकात थरार शोधू नका. वाघ दिसला की नाही याला त्यात फारसे महत्त्व नाही; गवत कसे हलले, चितळाने मान कोणत्या बाजूला वळवली, पाणवठ्यावर कोण आधी आले आणि कोण नंतर, हे त्यात आहे. माडगूळकर चित्रकारही होते आणि वाक्येही ते रेषा मारावी तशी मारतात, एकदाच. जागल करणाऱ्या माणसाला हे पुस्तक जितके कळेल तितके मला खुर्चीत बसून कळले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

तिसरे नाव ऐकून आपण दचकाल. महानुभाव पंथातला ‘दृष्टांतपाठ’. श्रीचक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत केसोबासांनी त्यात एकत्र केले. एकेक दृष्टांत चार-सहा ओळींचा. जन्मांधांनी हत्ती चाचपला आणि कोणी त्याला खांब म्हणाले, कोणी सूप म्हणाले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली असेल. ती मराठीत या ग्रंथात आहे. भाषा तेराव्या शतकातली आहे, म्हणून टिपा आणि अर्थ दिलेली प्रतच घ्यावी. नुसती संहिता घेतलीत तर तिसऱ्या पानावर माझ्या नावाने बोटे मोडाल. पण अर्थ एकदा कळला की मूळ ओळी मोठ्याने म्हणून पाहाव्यात, कारण त्यांतले कितीतरी शब्द आपल्या आजीच्या बोलण्यात अजून जिवंत होते. म्हाइंभटांनी जिथे बसून ‘लीळाचरित्र’ रचले ते रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे, आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. सोंगणी आटोपली की एक दिवस जाऊन यावे.

उजेडाचे दोन शब्द. कपाळावर बांधायची बॅटरी सोयीची वाटते, पण आश्विनात तिच्यामुळे सगळे किडे तोंडावर येतात आणि पानावर ओळ कोणती नि किडा कोणता हे वेगळे करावे लागते. मी एक मोठा दिवा दहा पावलांवर बांधावर लावून ठेवत असे आणि वाचायला लहान, पिवळ्या उजेडाचा दिवा घेत असे; बहुतेक किडे मोठ्या दिव्याकडे जातात. दुसरे असे की पहाटे दहिवर पडते. पुस्तक उघडे राहिले तर सकाळपर्यंत पाने पापडासारखी वाकडी होतात. खताच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी धुऊन, वाळवून पुस्तकासाठी ठेवावी.

*

प्रश्न : मागच्या वर्षी आपण सुचवल्यावरून उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचली. त्यातल्या कौतिक या नायिकेने मला आठ दिवस नीट झोपू दिले नाही. पुस्तक चांगलेच आहे, पण सणासुदीला घरात पाहुणे असताना डोळे पुसत बसणे बरे दिसत नाही. बाईच्या आयुष्याबद्दलचे, पण मनावर दगड न ठेवणारे काही सांगाल का? (एक गृहिणी, ता. मूर्तिजापूर)

उत्तर : ताई, चूक माझी आहे. ‘धग’ दिवाळीच्या तोंडावर सुचवायला नको होती. 1960 साली आलेली ही कादंबरी मी आमच्याकडच्या प्रत्येक वाचकाच्या हाती देत आलो, कारण वऱ्हाडी बोलीला तोंडी लावण्यापुरते न वापरता तिच्यात अख्खा संसार उभा करण्याचे काम शेळक्यांनी केले. पण ती पोटभर वेळ आणि एकांत मागते, आणि आश्विनात बाईला या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

या वेळी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. दुःख त्यातही आहे, किंबहुना जास्तच आहे. नवरा घरात न सांगता निघून जातो, हातात आलेला पैसा दुसऱ्याची नड पाहून देऊन टाकतो, 1895 साली तो ख्रिस्ती होतो आणि ही बाई काही वर्षे त्याच्यापासून दूर राहते. हे सारे सांगताना लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात, आणि तेही जखमेवर फुंकर घालण्यासाठी नव्हे, तर त्यांना खरोखरच गंमत वाटते म्हणून. या नवऱ्याचे, म्हणजे नारायण वामन टिळकांचे, नागपुरातले दिवसही त्यात आहेत, त्यामुळे आपल्याकडची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची घरे ओझरती दिसून जातात. पुस्तकाचे चार भाग आहेत आणि प्रसंग लहान लहान आहेत. चकल्यांचे पीठ भिजेपर्यंत एक प्रसंग होतो. माझ्या आईने ते असेच, चुलीपुढे, पानांना तेलाचे डाग पाडत वाचले होते, आणि ती प्रत मी अजून बदललेली नाही.

आणखी एक लहानसे पुस्तक. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला, वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या नावाने लिहिले जाऊ लागले, तेव्हा या बाईंनी पुरुषांचा जो समाचार घेतला आहे तो वाचताना दगड मनावर बसत नाही, उलट उठतो. घरातल्या पुरुष मंडळींना वाचून दाखवावे, पण जेवणे आटोपल्यावर.

आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे की गावात भुलाबाई अजून मांडतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत जी गाणी मुली म्हणतात ती छापलेल्या पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा आपल्या सासूबाईंना जितकी येतात तितकी एका वहीत उतरवून घ्यावीत. दर गावाला शब्द बदलतात. ती वही हेच आपल्या घराचे या ऋतूतले पुस्तक होईल.

*

प्रश्न : मी मेळघाटातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुले घरी कोरकू बोलतात. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला दरवर्षी एक पुस्तक मुलांच्या हातात देऊन फोटो काढला जातो आणि पुस्तक परत कपाटात जाते. या वेळी दिवाळीच्या सुटीपर्यंत मुलांना रोज काही वाचून दाखवायचे ठरवले आहे. काय वाचावे? (एक शिक्षक, ता. धारणी)

उत्तर : ठरवलेत हेच मोठे काम झाले. ‘श्यामची आई’ बेचाळीस रात्रींत विभागलेली आहे, त्यामुळे रोज एक रात्र हा सोपा मार्ग आहे. तरी मी ती पहिल्या पानापासून सरळ वाचायला सांगणार नाही. तिच्यातला कोकण, समुद्र, नारळ-पोफळी यांतले काहीच आपल्या मुलांनी पाहिलेले नाही, आणि ज्या मराठीत ती सांगितली आहे ती त्यांच्यासाठी आधीच शाळेची भाषा आहे. सुरुवात पत्रावळ लावायला शिकण्याच्या गोष्टीने करावी. पळसाची पाने आणि काडी मुलांच्या हातात द्यावी, गोष्ट वाचत असताना त्यांना पत्रावळ लावू द्यावी. माझा अंदाज असा आहे की ती आपल्यापेक्षा चांगली लावतील, आणि मग त्या गोष्टीतला श्याम त्यांच्यापेक्षा लहान होऊन त्यांच्यात येऊन बसेल. त्यानंतर पोहायला शिकण्याची गोष्ट घ्यावी. समुद्र नंतर दाखवता येईल.

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतात. जिथे रेंज येते तिथे शनिवारी जाऊन दहा अंक उतरवून आणले तर महिनाभराची सोय होते. जुन्या अंकांतल्या चित्रांकडे विशेष लक्ष द्यावे. मोठ्या मोठ्या चित्रकारांनी मुलांसाठी काढलेली ती चित्रे आहेत. मूल्यशिक्षणाची जी पुस्तके प्रत्येक शाळेच्या कपाटात असतात आणि ज्यांत प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य छापलेले असते, ती मात्र कपाटातच राहू द्यावीत. तात्पर्य आधी कळले की मुले गोष्ट ऐकत नाहीत, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

चितमपल्लींच्या लेखांतले पक्ष्यांचे उतारे वाचावेत आणि प्रत्येक पक्ष्याला कोरकूत काय म्हणतात ते मुलांना विचारून फळ्यावर लिहावे. त्या तासाला शिक्षक मुले असतील.

आणि आपल्या स्वतःसाठी ‘बनगरवाडी’. 1955 सालची ही कादंबरी आपण वाचलेली असेल असे मी धरून चालतो, पण नोकरी लागण्याआधी वाचलेली ‘बनगरवाडी’ आणि एकशिक्षकी शाळेत एक पावसाळा काढून वाचलेली ‘बनगरवाडी’ ही दोन वेगळी पुस्तके आहेत. धनगरांच्या त्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर काय शिकवतो यापेक्षा काय शिकतो हे दुसऱ्या वाचनात दिसते.

*

प्रश्न : मी जिल्ह्याच्या गावी अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सध्या सोंगणीसाठी घरी आलो आहे. कादंबरी वाचताना बाबांनी पाहिले तर “गोष्टी वाचून नोकरी लागत असते काय?” असे म्हणतात. मलाही वेळ वाया गेल्यासारखे वाटते. काय करावे? (एक विद्यार्थी, ता. चिखली)

उत्तर : बाबांचे म्हणणे चुकीचे नाही, गोष्टी वाचून नोकरी लागत नाही. पण न वाचूनही लागत नाही, हे आपण दोघेही पाहतो आहोत.

आपल्याच जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला 2004 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही म्हणून शेतीत आहे. शेती त्याला सोडवत नाही आणि धरवतही नाही. बायको अलका वेगळ्या अपेक्षा घेऊन त्या घरात आलेली आहे. शेतकऱ्याच्या दुःखावर पुष्कळांनी लिहिले, आणि त्यातले बरेचसे लांबून, हळहळत लिहिले. देशमुखांच्या पुस्तकात हळहळ नाही, व्यवहार आहे: बियाण्याचा भाव, उसनवारी, भावाभावांतली धुसफूस, एका बैलजोडीवरून घरात होणारे राजकारण. पुस्तक जाडजूड आहे आणि माझ्या मते मधला भाग थोडा आटोपशीर हवा होता. निकालाच्या आठवड्यात ते वाचू नये, एवढा इशारा देतो.

वाचण्याची रीत मात्र बदलावी. लपून वाचल्यामुळेच ते चोरीसारखे वाटते. रात्री जेवणानंतर खाटेवर बसून त्यातली दोन पाने बाबांना ऐकू जातील इतक्या आवाजात वाचावीत, आणि पाने निवडताना बाजार समितीचा किंवा पेरणीचा प्रसंग निवडावा. ते मध्येच बोलतील, “असं नसते ते,” म्हणतील, मग कसे असते ते सांगतील. माझ्या वडिलांना अक्षरओळख जेमतेम होती. त्यांना मी वयाच्या विसाव्या वर्षी ‘ग्रामगीता’ अशीच वाचून दाखवली होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या त्या 41 अध्यायांत ग्रामरक्षणापासून ग्रामशुद्धीपर्यंत सगळे आहे, आणि माझ्या वडिलांचा प्रत्येक अध्यायावर काही ना काही आक्षेप होता. आश्विन वद्य पंचमीला महाराजांच्या पुण्यतिथीसाठी मोझरीला जाणाऱ्यांच्या दिंड्या आमच्या रस्त्याने निघाल्या की ते आक्षेप मला अजून ऐकू येतात.

अभ्यासातून डोके बाहेर काढण्यासाठी काही हलके हवे असेल तर श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ उघडावे. हे गृहस्थ आपल्याच भागात, खामगाव आणि जळगाव जामोद इथे वकिली करत होते आणि मराठीतला विनोदी लेख त्यांनी इथे बसून घडवला. भाषा जुनी आहे, कोट्या कधी कधी फार लांबवलेल्या आहेत, पण सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही मंडळी एखाद्या सुधारणेच्या मागे लागली की काय होते ते आजच्या कोणत्याही गावच्या समितीला लागू पडते.

*

प्रश्न : भाऊबिजेनंतर आमच्याकडे मंडई (गावोगावची जत्रा) सुरू होते आणि नाटकांचा हंगामही. मी हौशी नट आहे. आम्हाला मिळतात त्या हस्तलिखित संहिता. छापलेले नाटक कधी वाचले नाही. एखादे सुचवा. (एक वाचक, ता. आरमोरी)

उत्तर : महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’. 1985 साली ते रंगभूमीवर आले. लेखक यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, आणि नाटकातले धरणगावकर देशपांडे कुटुंबही विदर्भातल्या खेड्यातलेच. थोरले तात्याजी वारलेले आहेत, मुंबईचा मुलगा आणि सून आली आहेत, दिवसांचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न आहे, आणि अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, रंगमंचावर जशी गाणी, विनोदी पात्रे आणि टाळ्यांची वाक्ये लागतात तसे त्यात काही नाही, आणि म्हणूनच ते वाचावे. चार-पाच मित्रांनी भूमिका वाटून घेऊन, उभे न राहता, बसल्या बसल्या वाचावे. वहिनीचे काम सर्वांत चांगल्या नटाला द्यावे, कारण ती कमी बोलते. दुसऱ्या रात्री ‘मग्न तळ्याकाठी’ आणि तिसऱ्या रात्री ‘युगान्त’ वाचता आले तर तेच घर पुढे कुठे जाते ते कळेल.

*

प्रश्न : दिवाळी अंक घ्यावेसे वाटतात, पण एकेका अंकाच्या किमतीत आता किलोभर सुका मेवा येतो. निवड कशी करावी? (एक वाचक, ता. दारव्हा)

उत्तर : मराठीत ही रीत काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 साली सुरू केली, आणि तेव्हापासून ‘अंक महागले’ ही तक्रार सुरू असावी असा माझा समज आहे. आमच्या गावात आम्ही अंकांची भिशी करतो. सहा घरांनी सहा वेगवेगळे अंक घ्यायचे, प्रत्येकाने आपला अंक दहा दिवस ठेवायचा आणि ठरलेल्या क्रमाने पुढच्या घरी द्यायचा. दोन महिन्यांत सहाही अंक सहा घरांत फिरून होतात आणि संक्रांतीला ते गावच्या वाचनालयात जमा होतात. नियम दोनच: पानावर पेनाने खुणा करायच्या नाहीत, आणि शब्दकोडे वहीत सोडवायचे. दुसरा नियम पहिल्याच वर्षी मोडला गेला. निवडताना मुखपृष्ठ पाहू नका, अनुक्रमणिका पाहा. तिच्यात तुम्हाला माहीत नसलेली नावे निम्मी तरी असतील तो अंक घ्या. राशिभविष्याचा अंक कोणी ना कोणी घेतोच, त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

*

प्रश्न : कविता आपण कधीच सुचवत नाही. (एक वाचक, ता. मेहकर)

उत्तर : मेहकरच्या वाचकाने हे विचारावे याची मला लाज वाटली. ना. घ. देशपांडे आपल्याच गावी वकिली करत होते. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह 1954 साली आला आणि ‘खूणगाठी’ला 1986 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आश्विनातल्या चांदण्यात ‘शीळ’ वाचावा, आणि नुसता वाचू नये, गुणगुणावा. ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ मला अजून पुरत्या कळलेल्या नाहीत, तरी कापूस वेचून बैलगाड्या परत येण्याच्या वेळेला त्या मी उघडतो. गद्यात कविता हवी असेल त्यांनी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ घ्यावे. बारा महिन्यांवरचे लेख आहेत, पैकी सध्या आश्विन आणि कार्तिक एवढेच वाचावेत आणि बाकीचे ज्या त्या महिन्यासाठी राखून ठेवावेत. मी गेली अनेक वर्षे तसेच करतो, आणि फाल्गुन दरवर्षी राहून जातो.

*

प्रश्न : आमच्या गावच्या ‘ड’ वर्ग वाचनालयात पावसाळ्यानंतर कपाट उघडले तर कुबट वास येतो. आपण सुचवलेली अर्धी पुस्तके कपाटात आहेत, पण हात लावायची इच्छा होत नाही. काही उपाय? (वाचनालयाचे एक कार्यकर्ते, ता. रिसोड)

उत्तर : ऑक्टोबरचे ऊन याच कामासाठी आहे, पण पुस्तके थेट उन्हात मांडू नयेत, पाने पिवळी पडतात आणि बांधणीचा डिंक सुटतो. ओसरीवर, जिथे वारा खेळतो आणि ऊन शेजारी असते पण अंगावर येत नाही, अशा जागी सतरंजी अंथरून पुस्तके पंख्यासारखी उघडून उभी ठेवावीत. दोन दिवस पुरतात. कपाटाला आतून कोरड्या फडक्याने पुसून, दारे उघडी ठेवून तेही वाळू द्यावे. पुस्तकांच्या पाठीच्या खाचेत चंदेरी, सळसळ पळणारी कसर दिसेल. मऊ कुंचल्याने ती झटकून काढावी. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला घालावा. ओला पाला घालून मी एका वर्षी ‘राघववेळ’ची प्रत हिरवी करून ठेवली होती, आणि नामदेव कांबळे तुमच्याच जिल्ह्याचे असल्यामुळे ही कबुली तुमच्याजवळ देणे भाग आहे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे आणि त्याच्या पायांखाली विटा द्याव्यात. वाळवी बहुधा भिंतीतूनच येते. आमच्याकडे ती तशीच आली आणि एका संपूर्ण खणातल्या पुस्तकांचे पुठ्ठे तेवढे बाहेरून शाबूत ठेवून आतले सगळे खाऊन गेली. कपाट उघडून मी पुस्तक ओढले तर हातात नुसते नाव आले.

पुस्तके ओसरीवर मांडलेली असतात त्या दोन दिवसांत राखण ठेवावी लागते. तिथे एखादे बाक टाकून ठेवावे. राखण करणारा हमखास एखादे पुस्तक उचलतो, आणि येणारे-जाणारेही थांबतात. आमच्या नोंदवहीत वर्षातली सर्वांत जास्त देवघेव याच दोन दिवसांची असते.